बेहड्याखालचा गोठा

आये, हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक हसतील. तूही हसली असतीस, पण भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून. तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो. आता मी बेळगावचं कॉलेज अर्ध्यावर सोडून, सरांशी भांडून घरी आलेला मुलगा आहे. कुणी विचारलं तर बाबा सांगतात, "पाखरं राखतोय." खोटं नाही ते. रामनगरची आणि आसपासच्या गावांतली आम्ही काही पोरं मिळून धनेशाची घरटी राखतो. तू त्याला गरुड म्हणायचीस. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर बाहेरून फळं आणून भरवत राहतो. नराला काही झालं किंवा तो बिथरून यायचा थांबला, तर आतल्यांचं संपलं. म्हणून आम्ही झाडं वाटून घेतो आणि पाळीपाळीनं लांब बसून राहतो. कुणी पगार देत नाही, कुणी बोलावलेलंही नाही. पण या कामात माझ्या तोडीचा दुसरा नाही, हे मी आपल्या तोंडानं सांगतो. मी तासन्‌तास गप्प बसतो हे तुला खरं वाटणार नाही.

माझा राग तुला ठाऊक आहे. शेजारच्या पोरानं माझा भोवरा फोडला म्हणून मी त्यांच्या अंगणातल्या घागरीवर दगड घातला, ती दुपार आठवते? तू मारलं नाहीस. चुलीशी बसवलंस, पुढ्यात फणसाच्या आठळ्या ओतल्यास आणि म्हणालीस, "तोंड बंद. हात चालू दे." मी सोलतोय, नखं दुखतायत, तू बघतसुद्धा नाहीस. मग त्याच आठळ्यांची भाजी करून वाटी माझ्याच हातात दिलीस आणि त्यांच्याच घरी पाठवलंस. त्या उंबऱ्यावर उभं राहणं माराहून वाईट होतं. पण त्यांच्या आजीनं वाटी घेतली आणि रिकामी न देता गूळ घालून दिली.

तर या वर्षी माझ्या वाट्याचं झाड होतं बेहड्याचं, आणि बेहडा आहे तिच्या घरामागे. ती म्हणजे कोण, ते तू ओळखशील. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून आपल्या घरचे पोहे खायची. तिच्या वडिलांना मी जन्मभर काका म्हणत आलो. यंदा मामा म्हणायला लागलो. तिच्या आईनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला. झाडाची एक वाळकी फांदी त्यांच्या गोठ्यावर लोंबत होती. मागच्या पावसात तिचा तुकडा पडून कौलं फुटली होती, म्हैस थोडक्यात वाचली. मामांनी झाड पाडायचं ठरवलं. परवानगी आली, रामनगरहून मशीनवाला ठरला, आणि वर ढोलीत पिल्लू. आमची पोरं म्हणाली, तक्रार करू. माझ्याही डोक्यात सणक गेली होती. पण तक्रार केली असती तर एक झाड वाचलं असतं आणि पुढं कुणी आम्हाला आपल्या झाडाखाली उभं केलं नसतं. आणि तिच्या घराचं दार मला कायमचं बंद झालं असतं, हेही होतंच.

मी गेलो. मामा पडवीत सुपारी कातरत होते.

"मामा, पिल्लू हाय आत. उडूपर्यंत थांबा."

"तुझं पिल्लू हाय, व्हय. आणि माझी म्हस? वळवाच्या वाऱ्यानं फांदी पडली तर तिला कोण बघणार, तुझी पाखरं?"

"मग झाड ठेवा, फांदी तेवढी नंतर कापा."

"कालेज न्हाई, नोकरी न्हाई, आणि मला शिकवतोय. अरे, तुला पोरगी कोण देणार?"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. माझे कान तापले. चार शब्द अगदी ओठांवर आले होते, पण तुझा आवाज आला, चुलीपुढचा. मी म्हणालो, "झाड हलत न्हाई, मामा. गोठा हलवू. पलीकडे, फणसाजवळ. आम्ही पोरं हलवतो."

"गोठा काय चाकावर हाय?"

"न्हाई. म्हणून तर पोरं आणतो."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "एक कौल फुटलं तर सगळ्यांना बांधून घालीन."

आता त्यात गोम अशी की ढोलीसमोर दंगा झाला तर नर यायचाच नाही. म्हणून आम्ही एक रीत बसवली. एक पोरगा कुंपणाआड बसायचा. नर येताना दिसला की हळू शीळ घालायचा, आणि शीळ आली की जो जिथं असेल तिथं थिजायचा. कौलं हातोहात उतरतायत, रांगेत आम्ही, तिची आई, ती, मामा खांद्यावर वासा घेऊन, आणि शीळ येते. सगळे दगड. तेवढ्यात म्हैस हंबरते आणि मामा वासा न हलवता दात-ओठ खाऊन कुजबुजतात, "गप गं, सटवे." नर भरवून गेला की पुन्हा हात चालू. दुसऱ्या दिवशी मामाच आम्हाला दटावायला लागले, "हलू नगोस रे, आलाय त्यो."

नव्या गोठ्याची जमीन मी सारवली. ती चहा घेऊन आली, माझं माखलेलं तोंड बघून म्हणाली, "धनेशीण दिसतोयस. आत बसून लिंपून घे, मी फळं आणून देते." मी शेणाच्या हातानंच कप घेतला.

पिल्लू उडालं, आये. वळवाच्या आधी. मामांनी फांदी कापली, झाड ठेवलं. मशीनवाल्याला सांगताना मी ऐकलं, "गरुडाचं झाड हाय ते, खोडाला हात लावू नगोस."

आता खरं काय ते. सगळा गाव म्हणतो, पोरानं पोरीसाठी गोठा हलवला. तीही तेच समजते. परवा विहिरीवर म्हणाली, "शीळ आली तेव्हा आपल्या दोघांच्या हातात एकच कौल होतं. तुझा हात कापत होता." मी मान हलवली. कापत होता, हे खरं आहे. पण नर डोक्यावरून गेला होता, पंखांचा आवाज कॅसलरॉकच्या चढाला लागलेल्या आगगाडीसारखा, आणि पुढं कौलाचं दुसरं टोक कुणी धरलंय, हे मी साफ विसरलो होतो. मी तिच्यासाठी झुरतो, रात्रभर जागतो, सगळं आहे. पण त्या क्षणी ती नव्हतीच. हे तिला सांगायचा धीर मला नाही, आणि तू काही तिला सांगणार नाहीस.