हात उचलतो का?

२ फेब्रुवारी

उजवा हात कामातून गेला. सकाळी केसांत फणी घालता येईना, शेवटी वहिनीने विंचरून दिले. काल दादाने तोच हात पिरगळला तेव्हा ती तिथेच भांडी विसळत होती. मी ओरडले तसा तिने नळ मोठा सोडला.

कारण काय, तर त्याची मोठी लेन्स मी गाडीत उन्हात राहू दिली! आठवडाभर स्टुडिओत पासपोर्टचे फोटो मी काढायचे, आणि सुट्टीला कड्यावर पक्ष्यांचे फोटो काढायचे त्याने. मी तिथे हमाल. त्याचं मन भरलं की थोडा वेळ त्याचा कॅमेरा माझ्या हातात. त्या थोड्या वेळासाठी मी आठवडा काढते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबून पाहिला आणि विचारलं, "हात उचलतो का?"

मी म्हटलं, "नेहमी नाही. राग आला की."

त्या थांबल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला – त्या माझ्या हाताबद्दल विचारत होत्या! कान तापले. कशीबशी सारवासारव केली. नेहमी वर जात नाही, दुखतो ना, मग वैताग येतो, असं काहीबाही. "झालं कसं?" जिन्यावरून पडले म्हटलं. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. आमचं घर तळमजल्यावर आहे हे त्यांना माहीत असायचं कारण नाही, तरी घाम फुटला.

शेक, व्यायाम, आणि ओझं बंद. "एवढं वाहता काय?" कॅमेरा. "मग हलका घ्या की." किती सरळ!

९ फेब्रुवारी

घेतला. पासपोर्टचे फोटो काढायचा माझा जुना कॅमेरा आणि स्टुडिओतल्या माझ्या लेन्स दुकानदाराला बदल्यात देऊन टाकल्या. दादाच्या वस्तूंना बोट लावलं नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, धरून तर बघा." धरला आणि हसूच आलं. लांबचं दाखवणाऱ्या लेन्ससकट माझ्या चपलांच्या जोडाएवढं वजन! कॅमेरा टेकवायचं तिकाटणं नको, गाडी नको, दुसरं माणूस नको. करंगळीला जागा पुरत नाही, ती खाली लोंबते. लोंबू दे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

दादा आधी हसला. "खुळखुळा आणलास? माझ्या कॅमेऱ्यासारखा आत आरसासुद्धा नाही?" बराच वेळ हसत होता. मग हसायचा थांबला. "म्हणजे आता तू एकटी जाणार."

ताट भिंतीवर आपटलं. ते माझ्या डोक्यावरून गेलं. नेम चुकला की चुकवला, सांगता येत नाही.

१५ फेब्रुवारी

एकटी गेले! बसने, पाठीला छोटी पिशवी. कड्यावर गरुडाचं घरटं, त्यात दोन पिल्लं. थोरलं धाकट्याला टोचत होतं. भूक म्हणून नव्हे, खायला पुष्कळ पडलं होतं. डोक्यावर, मानेवर, पुन्हा त्याच जागी. धाकटं मान खाली घालून बसलं की थोरलं जरा थांबायचं. मान वर आली की पुन्हा सुरू. मानेवरचं कातडं निघालं होतं. आई काठावर बसून पंख साफ करत होती.

मला वहिनी आठवली, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत.

दादाच्या कॅमेऱ्याचा खटका वाजला की गरुडीण उडते. माझा अजिबात वाजत नाही. मी सगळं टिपलं आणि कुणाला पत्ता लागला नाही.

१६ फेब्रुवारी

धाकटं काल संध्याकाळपर्यंत जिवंत होतं. आज जायची सोय नाही. कामात लक्ष नव्हतं, एका गिऱ्हाइकाचा कान कापला गेला फोटोत.

२२ फेब्रुवारी

घरट्यात एकच पिल्लू. थोरलं.

खालच्या खडकावर पिसं होती. तीही टिपली. मग तिथेच बसून खूप रडले.

२३ फेब्रुवारी

दादाने फोटो बघितले. एकेक, सावकाश. मला वाटलं, बरं म्हणेल. वेडीच मी. "एवढी वर्षं मी बसतोय तिथे, मला एकदा एवढ्या जवळून मिळालं नाही." मग पोटात लाथ. मी खाली पडल्यावर बरगडीत दुसरी. स्टुडिओचं शटर त्याने आधीच ओढून घेतलं होतं, म्हणजे डोकं फिरलं होतं असंही नाही. चेहऱ्याला मात्र हात लावला नाही. चेहरा काउंटरवर लागतो.

आणि मी काय करत होते? कॅमेरा पोटाशी घेऊन पडले होते. धाकट्यासारखी, मान खाली घालून.

मला त्याचा संताप येतो. नुसता राग नाही, संताप. झोपेत दात खाते मी, वहिनी सांगत होती.

१ मार्च

डॉक्टरीणबाईंचा व्यायाम रोज करते. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. स्टुडिओतल्या वरच्या फळीवर दादाचा जाडजूड कॅमेरा असतो, मोठ्या लेन्ससकट. आज बोटं फळीला टेकली.

८ मार्च

लेन्सच्या पट्ट्यापर्यंत हात जातो. वहिनीने पाहिलं. "दुखत नाही?" एवढंच विचारलं. दुखतं म्हटलं.

११ मार्च

दादा म्हणतो, तो खुळखुळा उद्या माझ्या हातात दे, बघतोच त्याच्याकडे. बरं म्हटलं.

१२ मार्च

दिला नाही. त्याने तिकाटणं उचललं. वहिनी स्टुडिओच्या मागच्या मोरीत चहाचे कप धूत होती. मी मान खाली घातली नाही. हात वर गेला, पूर्ण गेला, फळीवरून तो कॅमेऱ्याचा धोंडा खाली आला आणि दादाच्या कपाळावर बसला. खटका नाही, काही नाही, एक ओला आवाज. दादा ओरडला. पुन्हा मारला, यावेळी खांद्यावर. उजव्या.

वहिनीने नळ मोठा सोडला.

१३ मार्च

काल रात्री टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी दादाला विचारलं, झालं कसं. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जिन्यावरून पडलो."

"असं का." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचं काय? हात उचलतो का आता?"

"हो," मी म्हटलं. "आता उचलते."