निबंधात तू नाहीस

प्रिय आर्वो,

आईने तुझा निरोप ऑक्टोबरातच दिला होता. पेस्टीच्या सारणासाठी शलगम चिरत होती, माझ्याकडे पाठ करून. तुरुंगातून तुझा फोन आला होता म्हणाली. कॉलेजच्या निबंधात माझ्याबद्दल खुशाल लिही, तेवढा तरी माझा उपयोग होऊ दे, असं तू सांगितलंस म्हणे. आणि ‘तिला इकडे आणू नकोस’ असं माझ्याबद्दल आईला बजावलंस, हेही. मी नुसती कणीक लाटत राहिले. म्हणून आईला वाटलं, मी ऐकलं. मी ऐकलं नव्हतं. का, ते आता सांगते. मधे मधे थांबून चिडायची तुला सवय आहे, पण शेवटपर्यंत वाच.

शाळेतल्या समुपदेशक मिसेस प्रुइट तुला आठवत असतील. तुझ्या वेळी त्या नव्या होत्या आणि तू त्यांच्या खोलीत फक्त गोळ्या-चॉकलेटांसाठी जायचास. बाई वाईट नाहीत. माझे अर्ज त्यांनी स्वतः बसून तपासले, अर्जाची फी माफ करून घेतली, गणिताच्या सरांच्या मागे लागून शिफारसपत्र वेळेत लिहून घेतलं. आमच्या वर्गातले अर्धे तर अर्जच करत नव्हते. पण पूर्वेकडच्या त्या मोठ्या कॉलेजात मला पाठवायचंच, असं त्यांनी मनात घेतलं. आपल्या शाळेतून तिथे आजवर कुणी गेलेलं नाही. मलाही जायचं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांचं माहितीपत्रक मी उशीखाली ठेवून झोपायचे.

निबंधाचा विषय होता, ज्याने तुम्ही घडलात असं काहीतरी. मी बसबद्दल लिहिलं. तुला ते भांडण माहीत नाही. आईने फोनवर सांगितलं असेल तर अर्धवटच सांगितलं असेल. गेल्या वर्षी शाळेच्या मंडळाने संध्याकाळची बस बंद केली. डिझेल परवडत नाही म्हणे. म्हणजे सरोवराच्या रस्त्यावरच्या पोरांनी तीनला सुटल्यावर घरी जायचं, प्रयोगशाळा नाही, हॉकी नाही, काही नाही. मी मंडळाच्या बैठकीला गेले. अध्यक्षांनी तीन मिनिटं दिली, आणि माझं बोलणं संपायच्या आत आभार मानले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. या खेपेला बसचा ड्रायव्हर हँक बरोबर होता. कुठल्या दोन फेऱ्या एकत्र केल्या तर डिझेल वाचतं, ते आम्ही दोघांनी नकाशावर काढून नेलं होतं. शिवाय सतरा आया आल्या होत्या, बर्फाचे बूट घालून, पहिल्या दोन रांगांत. आठवड्यातून दोन दिवस बस परत मिळाली. मी पाच दिवस मागितले होते, पण दोन मिळाले.

मिसेस प्रुइटनी निबंध वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, लिहिलंयस छान, पण यात जखम कुठे आहे? हजारो अर्ज येतात ग, वाचणाऱ्याला हलवायला हवं. मग खुर्ची जवळ ओढून, हळू आवाजात, तुझं नाव घेतलं. म्हणाल्या, तुझ्या भावाबद्दल लिही.

त्यांना सगळं माहीत होतं. गावाला माहीत आहेच. लाकूडतोडीवर तुझ्या पाठीत फांदी पडली, डॉक्टरने वेदनेवरच्या गोळ्या दिल्या, मग डॉक्टरने गोळ्या बंद केल्या आणि तू बंद करू शकला नाहीस, आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत औषधाच्या दुकानाचं कुलूप फोडलंस. ही गोष्ट कशी सांगावी, हेही त्यांना ठाऊक होतं. सुरुवात कोर्टापासून करायची, मग मागे जायचं, शेवटी मी काय शिकले. मी ऐकत होते आणि मला दिसत होता तो वाचणारा कुणीतरी माणूस, हातात कॉफीचा कप, तुझ्यावरून नजर फिरवतोय, मान हलवतोय आणि मला गुण देतोय.

मी म्हटलं, "जखम आहे. पण ती माझी नाही, त्याची आहे. ती मी कशी देऊ?"

त्या म्हणाल्या, तुझ्यावरही परिणाम झालाच असेल ना. झाला. संध्याकाळी प्रयोगशाळा सुटल्यावर मला घरी न्यायला तुझा ट्रक यायचा, तो यायचा बंद झाला. मी फाटकाशी उभी राहायचे, सवयीने. मग बसची गरज पडली, आणि नेमकी तीच बंद झाली. मला ती बस का हवी होती, हे निबंधात एका शब्दानेही नाही. ते फक्त तुला सांगते आहे.

अर्जात आणखी एक जागा होती. भावंडांची नावं, वय, शिक्षण. मिसेस प्रुइट म्हणाल्या, एकतर निबंधात सगळं सांग, नाहीतर हा रकाना कोरा सोड, उगाच प्रश्न यायला नकोत. मी लिहिलं, आर्वो कांगास, चोवीस, शाळेची बारावी पास. तेवढंच विचारलं होतं, तेवढंच सांगितलं.

आणि प्रश्न आलाच. जानेवारीत त्या कॉलेजने मुलाखत ठेवली. त्याच कॉलेजात शिकलेल्या एक वकीलबाई मोठ्या गावात राहतात, मिस ऑल्ड्रिच, त्या कॉफीच्या दुकानात भेटणार होत्या. बाबांनी कामावर मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत रस्त्यांवरचं बर्फ काढलं आणि तसेच, न झोपता, मला घेऊन निघाले. सरोवरावरून असा वारा सुटला होता की समोरचा रस्ता दिसत नव्हता. ते आत आले नाहीत, ट्रकमध्येच थर्मास घेऊन बसले. म्हणाले, माझ्या बुटांना डिझेलचा वास येतो.

बाई सभ्य होत्या. मुलाखत चांगली चालली होती. मग कागदावर बोट ठेवून त्यांनी सहज विचारलं, भाऊ काय करतो तुझा? मी आरशासमोर चार उत्तरं पाठ केली होती. एकही आठवलं नाही.

"तुरुंगात आहे."

त्यांचा चेहरा लगेच मऊ झाला, आर्वो. दुखवट्याला येणाऱ्यांचा होतो तसा. मान एका बाजूला कलली, पेन उचललं गेलं. त्याचा तुझ्यावर काय परिणाम झाला, सांगशील? अगदी प्रेमाने विचारलं. तिथे रडले असते तर काम झालं असतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. आणि रडू आलंही होतं.

मी म्हटलं, "त्याच्याबद्दल त्याला विचारा. मला बसबद्दल विचारा."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, दोन फेऱ्या एकत्र केल्यावर ड्रायव्हरचा पगार कमी झाला का? पुढचा अर्धा तास आम्ही फक्त त्यावर बोललो. आजवर मला कुणी विचारलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

परतताना बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ वायपरकडे बघत गाडी चालवत होते. मग म्हणाले, "बरं केलंस." आणि थोड्या वेळाने, सँडविच खा आता, सकाळपासून तसंच आहे. तुझा विषय निघाला की बाबा गप्प होतात, तुला माहीत आहे. त्या दिवशीचं गप्प बसणं वेगळं होतं.

मार्चमध्ये उत्तर आलं. त्या कॉलेजने नाही म्हटलं. फार गोड भाषेत. मिसेस प्रुइटनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तू जर तेव्हा... आणि थांबल्या. मी म्हटलं, वाक्य पुरं करा. त्यांनी केलं नाही. त्या शनिवारी बाबांनी सौना तापवला, आणि मी आत वाफेत एकटी बसून पोटभर रडून घेतलं, तिथे घाम कुठला आणि पाणी कुठलं कळत नाही. एक पान लिहिलं असतं तर, असं मनात आलं नाही असं नाही. आलं. दोन दिवस येत होतं. तिसऱ्या दिवशी मी ते माहितीपत्रक चुलीत घातलं, आणि लिहिलं नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही. कुणाला ती गोष्ट हवीच असेल तर तू बाहेर आलास की ती सांगायची की गिळायची, ते तू ठरव.

आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाने मला घेतलंय. शिष्यवृत्तीसकट. रस्ते आणि पूल बांधायचं शिकणार. ऑगस्टच्या शेवटी जाते. बाबा गावभर सांगत सुटलेत की आता पोरगी असा रस्ता बांधेल ज्यावर बर्फच साचणार नाही. हँकने अभिनंदन म्हणून बसमध्ये लावलेल्या फळ्यावर खडूने माझं नाव लिहिलं होतं, आणि ते चुकीचं लिहिलं होतं.

आता हे पत्र का. मी मंगळवारी अठरा वर्षांची झाले. म्हणजे तुला भेटायला यायला मला आईची सोबत लागत नाही, आणि तिला इकडे आणू नकोस हा तुझा निरोपही आता चालत नाही. तुरुंगाच्या कचेरीत फोन करून विचारलं. भेटीचा अर्ज माझा मी करायचा, पण कैद्याने आपल्या यादीत माझं नाव घातल्याशिवाय ते मला दारातून आत घेणार नाहीत. माझा अर्ज काल टपालात पडला. तुझं नाव मला चिकटू नये म्हणून तू मला लांब ठेवतोयस, हे मला कळतं. पण ते नाव मी स्वतःच्या हाताने रकान्यात लिहिलंय आणि परक्या बाईसमोर मोठ्याने सांगितलंय, ते आता निघायचं नाही. यंदा ओळखपाळख नसलेल्या माणसांनी मला नाही म्हटलं, ते मी सोसलं. तुझं ‘नाही’ मी टपालाने घेणार नाही, आईच्या तोंडूनही नाही. म्हणायचंच असेल तर समोर बसून म्हण. त्यासाठी आधी यादीत माझं नाव घालावं लागेल. घाल.

तुझीच,
हेल्मी