सकाळची कूक

२ डिसें., मंगळ.
तोंडाशी हात धरून कूक मारली. नाल्यापलीकडून कूक आली. म्हणजे दोघी जिवंत. झालं आजचं बोलणं.
वाडीत आठ घरं होती. सहा उठून रामनगरकडं गेली. उरलो मी आणि माझी थोरली जाऊ देवकी. सहा वर्षं आम्ही बोलत नाही. (यापुढं दे. एवढंच लिहीन. अख्ख्या नावाला शाई कशाला घालवू.) पूर्वी गव्यांच्या भीतीनं सगळ्याच बाया अशी कूक मारत रानात जायच्या. आता दोघींचीच उरली. बोलणं बंद, कूक चालू. रुसवा रुसव्याच्या जागी.

४ डिसें., गुरु.
मुडलीचा कंद खणून काढला. मांडीएवढा! खाणार कोण? पूर्वी अर्धा नाल्यापलीकडं जायचा. आज चार फोडी उकडल्या, दोन खाल्ल्या.
आठवलं की अजून जळतं. दे. नं माझ्या सुनेचे कान भरले, 'सासू सुखानं जगू द्यायची न्हाई, बाहेर पड.' मग माझा पोरगा गणपत आणि सून फोंड्याला गेले ते गेलेच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

७ डिसें., रवि.
रस्त्यावर बसची वाट बघून मीठ मागवलं. कंडक्टर म्हणाला, दे. चा मुलगा बेळगावहून न्यायला आला होता, ती गेली नाही.
"का गेली न्हाई?"
"मला काय म्हाईत, आज्जे? नाल्यापल्याड जाऊन इचार की!"
गेली नाही हे ऐकून बरं वाटलं. मग बरं वाटल्याचाच राग आला.

९ डिसें., मंगळ.
कणकण. उठवेना. कूक मारली नाही. पलीकडून तीनदा आली. तिसरी जरा घाबरी.
पडल्या पडल्या मनात आलं, बघू तरी. मी मेले तर किती दिवसांनी येईल ही.

१० डिसें., बुध.
कणकण गेली. तरी कूक मारली नाही. धूर दिसेल म्हणून चूलही पेटवली नाही. कालची पेज गारच खाल्ली. दाराला आतून कडी. सत्तरी उलटल्यावर पोरखेळ.
उन्हं वर आली तशी अंगणात काठी वाजली. तीच. त्या गुडघ्यांनी नाला कसा उतरली देव जाणे. दार ढकललं. मग म्हणाली, "येसू."
सहा वर्षांनी. मला येसू म्हणणारं या रानात दुसरं कोण उरलंय? मी आये, मी आज्जी, मी म्हातारी. येसू कुणाची नाही.
म्हटलं, आणखी एकदा म्हणू दे, मग उघडते.
म्हणाली नाही. काठी लांब गेली.

११ डिसें., गुरु.
सकाळी मीच आधी कूक मारली. उत्तर नाही. फुगली असेल म्हटलं.
दुपारी अंगणात कंद सोलत बसले होते, तर जीप. गणपत उतरला. मागून कुंभारवाड्याचे दोघं. गणपतच्या हातात पिशवी, पिशवीत कोरं पांढरं कापड.
"आये!"
"काय रे, सण न्हाई, वार न्हाई?"
तो तिथंच मातीत बसला. दे. काल बसनं कुंभारवाड्याला गेली होती. येसू गेली, दार आतून बंद हाय, म्हणून तिनंच फोन करवला.
दोघांतला एक हसायला लागला. मीही म्हटलं, "दुकानदार कापड परत घेतोय का बघ. न्हाईतर ठेव, नासत न्हाई." गणपत हसला नाही. "वाटभर रडत आलोय मी," म्हणाला.
दे. जीपमध्येच होती. डोळे सुजलेले. पदराला तुळशीची पानं बांधलेली, माझ्या तोंडात ठेवायला. माझ्याकडं बघून विचारलं, "काल मी हाक मारली तवा आत हुतीस?"
खोटं बोलता आलं असतं. ताप होता, शुद्ध नव्हती...
"व्हय," म्हटलं.
तिनं पदराची गाठ सोडली. पानं खाली टाकली. ड्रायव्हरला म्हणाली, "मला घराकडं सोड, बाबा."

१२ डिसें., शुक्र.
गणपत राहिलाय. जेवताना म्हटलं, तिनंच तुमचे कान भरले, नाहीतर हे दिवस आले नसते. त्यानं ताट सारलं.
"थोरली आये काय बी बोलली न्हवती. ती तर म्हणत हुती, नका जाऊ, येसू एकटी पडंल. आमीच गेलो. तुज्या तोंडाला कंटाळून." मग म्हणाला, "तसं न्हाई गं." म्हटलं ते म्हटलंच.
"आणि बेळगावला का जाईना, म्हाईत हाय? सकाळी येसूच्या कुकेला ओ कोण देणार, म्हणायची."
मी उठून दोघांची ताटं उचलली.

१६ डिसें., मंगळ.
गणपत काल गेला. चल म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.
पाच दिवस कूक मारतेय. ओ नाही. धूर मात्र दिसतो.

१९ डिसें., शुक्र.
कंडक्टर म्हणाला, रविवारी तिचा मुलगा जीप घेऊन येणार. या वेळी ती हो म्हणालीय.
अर्धा कंद घेऊन नाला उतरले. तिच्या दाराला आतून कडी. "देवकीआक्का," म्हटलं. आत बांगडी वाजली. पुन्हा म्हटलं, "देवकीआक्का, मी येसू." कडी निघाली नाही.
कंद उंबऱ्यावर ठेवून आले. नाव घ्यायला एवढं जड असतं हे दाराच्या आत बसून कळलं नव्हतं.

२१ डिसें., रवि.
पहाटेच उठले. पलीकडं धूर आहे. उंबऱ्यावरचा कंद इथून दिसत नाही. आत घेतला की रानडुकरानं खाल्ला, कोण सांगणार.
वळणावर जीप वाजतेय. कूक मारून येते.