आंबेनळीचा ऑक्सिजन

नाते, ता. महाड
८ फेब्रुवारी २०२५

ती. आम्रपालीताईस सा. जयभीम, वि. वि.

गुरुवारी दुपारी आंबेनळी घाटात सलोनी माझ्या गाडीवरून उतरून कठड्याला धरून ओकली, तिथंच माझं सगळं बदललं. कुणाला सांगू? माझा फोन मी रागात फोडलाय, बाबांच्या फोनवरून हे बोलता येत नाय, म्हणून पत्र.

माझ्या वर्गातली ही पोलादपूरची मुलगी. अर्धशिशीनं बाकावर डोकं टेकलं तर सर म्हणाले, नाटकं करते. मी त्यांच्या अंगावर धावलो आणि कॉलेज सोडून आलो. दिवाळीच्या सुट्टीत तू म्हणालीस, तुमच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर अर्धशिशी उतरवून बघतात. मी म्हटलं, ऑक्सिजनच ना, वर महाबळेश्वराला पायजे तेवढा हाय! घेऊन निघालो. दर वळणाला तिचं डोकं जास्तच ठणकत गेलं.

तीन मार्चपासून तिची परीक्षा. तिच्या आईला, सरितामावशींना, मी शब्द दिलाय की तिला बरी करून आणतो. तुझ्या हॉस्पिटलात रुमाल टाकून तिची जागा धर. बाबांना कळू देऊ नको, माया अशीच राहू दे.

तुझा अश्वजित

मुंबई
१७ फेब्रुवारी

चि. अश्वजितास जयभीम व अ. आ.

गाढवा, वर चढलं की हवा विरळ होते! दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलंस ते दिसलं. आमच्याकडे उलट असतं. बंद कक्षात हवेचा दाब वाढवून निव्वळ ऑक्सिजन देतात, तोही बहुतेक मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांना. तुझ्यासाठी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालू असलेली कळ काहींची उतरते, पण पुरावा कच्चा आहे, आणि पुढची कळ थांबेल याला आधारच नाही.

म्हणजे दुखत असतानाच यायचं. पोलादपूरहून पाच तास, उन्हात, हॉर्न ऐकत, ओकत? त्यापेक्षा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एक सांग, हे सगळं तिनं मागितलंय का रे?

जेवत जा, भांडू नको. आमची आठवण ठेव.

तुझी ताई

पोलादपूर
२ मार्च

ती. ताईस सा. जयभीम.

तुझं पत्र खिशात असूनही मी आज गावातल्या भरतला जीपसकट घेऊन इथं आलो. उद्या पेपर आणि सकाळीच कळ सुरू झाली. तूच लिहिलंस ना, दुखत असतानाच न्यायचं! सरितामावशी म्हणाल्या, ने बाबा, पण आधी उंबऱ्यापर्यंत तरी चालव तिला. दोन पावलांत ती खाली बसली. उचलू का विचारलं, तर म्हणाली, हळू बोल रे, डोक्यात घण पडतायत. डॉक्टरांची गोळी दिली, ती ओकून टाकली. पंखा बंद केला तर घामाघूम, लावला तर त्याची घरघर लागते. खिडकीला चादर बांधली, तरी फटीतला उजेड टोचतोच म्हणते. आता कुणाच्या अंगावर धावून जाऊ, ताई?

जीप परत पाठवली. तिच्या उशाशी बसून हे लिहितोय. मघापासून तीनदा तिनं विचारलं, उद्या पेपर देता येईल ना. मी तीनदा हो म्हटलं.

आत्ता म्हणाली, तुझ्या पेनाची करकरसुद्धा सोसवत नाय, तू जा. राग नाय आला मला. लोभ ठेव. उठतो, बाहेर जातो, दार लावून घेतो.

अश्वजित