बुधवारचं विमान

न्यूनेन,
५ नोव्हेंबर २००६

चि. यतीन,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत. थंडी लवकर पडली, साडेपाचलाच अंधारून येतं. शिरीषचं ऑफिस अजून आइंडहोव्हनलाच. ईशान आता सायकलवर एकटा शाळेत जातो. मी मराठीत विचारते, तो डचमध्ये उत्तर देतो.

यंदा आपल्याकडे दिवाळी नव्हती, तरी भाऊबीजेला तू आठवणीने फोन केलास. म्हणालास, "ताई, मनाला लावून घेऊ नकोस. पासपोर्टच अडकला, त्याला तू काय करणार?" तेव्हापासून मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. फोनवर हे मला जमणार नाही.

तुम्हाला वाटतं, मी पक्षी-उद्यानात हौस म्हणून जाते. सुरुवात तशीच झाली. एम.एस्सी. होऊन घरी बसवेना, म्हणून माशांच्या बादल्या धुवायला गेले. पुढे योसने, म्हणजे तिथल्या पक्ष्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्याने, पेंग्विन माझ्या हाती दिले. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे हे पेंग्विन, उंचीला जेमतेम दोन फूट, आणि ओरडतात मात्र गाढवासारखे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसून हसून खाली बसले होते. एके काळी तिकडे लाखांनी होते. माणसांनी त्यांची अंडी खाल्ली, त्यांच्या विष्ठेचे थर खत म्हणून खरवडून नेले, त्यामुळे बिळं करायलाही जागा उरली नाही. मग समुद्रातले मासे कमी झाले, वर जहाजांचं तेल सांडलं. म्हणून इकडच्या उद्यानांत एकेका पक्ष्याची नोंद ठेवतात, जोड्या विचार करून लावतात. तिकडे संपले तरी वंश टिकावा, एवढ्यासाठी. आमच्याकडे तेवीस होते. त्यातली एक माझ्या डोळ्यांदेखत अंड्यातून बाहेर आली. तिचं नाव मी ठकी ठेवलं होतं.

जुलैत इथे कधी नव्हे असा उन्हाळा झाला. डास वाढले आणि ऑगस्टमध्ये पेंग्विनांना मलेरिया झाला. इथल्या चिमण्यांना तो सोसतो, यांना सोसत नाही. संध्याकाळी मासा नाकारलेला पक्षी दुसऱ्या दिवशी चोच उघडी टाकून धापा टाकत असायचा. आम्ही मासा वाटून नळीने पोटात घालायचो, गोळ्या द्यायचो, दर तीन तासांनी. त्याच आठवड्यात तुझा फोन आला, आईला दवाखान्यात हलवलंय म्हणून.

यतीन, माझा पासपोर्ट कुठेही अडकला नव्हता. तो कपाटात होता, साड्यांच्या खाली. इथे राहण्याचा परवानाही जूनमध्येच वाढवून मिळाला होता. शिरीषने रविवारच्या विमानाची चौकशी करून ठेवली होती. मीच त्याला थांब म्हटलं. तुला काय सांगायचं तेही मीच ठरवलं.

योस मला स्पष्ट म्हणाला होता, "मंजूषा, तू घरी जा. आई एकच असते. इथलं मी बघतो." मी त्याला म्हटलं, भाऊ आहे तिकडे. तू आहेस म्हणून मी आले नाही, हे तुला आज कळतंय.

सोमवारी तू फोन आईच्या कानाला लावलास. ती म्हणाली, "कधी येतेस गं?" मी म्हटलं, "परवा." ती म्हणाली, "बरं."

मंगळवारी दुपारी ठकी माझ्या मांडीवर गेली. तेविसातले नऊ गेले, त्यातली ती सातवी.

इथवर लिहून थांबले असते तर तू म्हणाला असतास, ताई मुक्या जिवांत अडकली. पण बुधवारी सकाळी शिपोलवरून विमान होतं. जागाही होती. शिरीषने बॅग भरून दाराशी आणून ठेवली. ज्या पक्ष्यासाठी थांबले असं म्हणत होते तो गेला होता, बाकीचे योस सांभाळत होता, आणि तरीही मी बॅग उचलली नाही. पायऱ्यांवर बसून राहिले. आईला नळ्या लावलेल्या, तोंड वाकडं झालेलं, मला ते बघायचं नव्हतं. पेंग्विनांपाशी माझ्या हातांना काम होतं. तिच्यापाशी नुसतं बसायचं होतं, आणि तेवढंही माझ्याच्याने झालं नाही. मी घाबरले, यतीन. दुसरं कारण नाही.

गुरुवारी आई गेली.

ती अकरा दिवस अंथरुणावर होती. तिचं सगळं तू केलंस, मावशीने केलं. "ताई आली का?" असं तिने नंतर विचारलं का, हे तू मला कधी सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. आता विचारते. विचारलं असेल तर लपवू नकोस.

डिसेंबरच्या वीस तारखेचं तिकीट काढलंय, एकटीचं. घरी येऊ की नको, ते तू कळव. नको म्हणालास तरी येणार आहे, लॉजवर उतरेन.

एक काम कर. शर्मिलामावशी सगळ्या नातेवाइकांत माझी बाजू घेते, पोरीचा काय दोष म्हणते. हे पत्र तिला वाचून दाखव. तिने माझ्यासाठी आणखी कुणाशी भांडू नये.

आईला 'परवा' सांगणारी,
मंजूषा