तळीचा पाचवा हात

रविवार, १७ डिसेंबर २०२३. सकाळ. जयपूर विमानतळ.

झालं ते असं:

१. पुणे–दिल्ली विमान सहाला सुटायचं होतं. सव्वासातला सुटलं.
२. दिल्लीत धुकं होतं. विमानाने वर घिरट्या घातल्या आणि ते जयपूरला उतरलं.
३. दिल्लीहून झाशीची माझी दुपारची गाडी आता मिळणार नाही.
४. उद्या चंपाषष्ठी. घरी बारा वाजता खंडोबाची तळी उचलायची आहे. ताम्हन पाच जणांनी मिळून धरायचं असतं. पाचवी मी आहे.
५. यात माझी चूक नाही.

पाचवा मुद्दा घटना नाही, निष्कर्ष आहे. कंपनीत मी बिघाडांचे अहवाल तपासते. घटनाक्रमात कोणी निष्कर्ष घुसवला तर अहवाल परत पाठवते. हा राहू दे.

त्याच दिवशी, दुपार.

विमान एकला निघेल असं ॲप सांगतंय. ॲपवर माझा विश्वास आहे.

मुरैन्याचे एक अंकलजी प्रवाशांमधून फिरून टॅक्सी ठरवत होते. जयपूर, आग्रा, ग्वाल्हेर. तिथून झाशी दोन तास. माझ्यापाशी येऊन म्हणाले, बिटिया, चार हो गए, पाँचवीं सवारी चाहिए, चलोगी? मी म्हटलं, माझं सामान विमानाच्या पोटात आहे. ते म्हणाले, सामान तो पीछे-पीछे आ जाएगा, घर में तुम्हारा इंतज़ार है कि सूटकेस का?

हा प्रश्न मला अनावश्यक वाटला. सुटकेसमध्ये जेजुरीचा भंडारा आहे, चांगला किलोभर. मी मुद्दाम जाऊन आणलेला. हातातल्या बॅगेत पावडर अडवतील म्हणून खाली दिला. भंडाऱ्याशिवाय तळी होत नाही. म्हणजे थांबणं हीच जबाबदारी होती.

(घरी देव्हाऱ्याखाली भंडाऱ्याचा डबा कायम भरलेला असतो. तो गेल्या वर्षीचा.)

टॅक्सी गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळ. जयपूर, हॉटेल.

विमान रद्द. वैमानिकांच्या कामाचे तास संपले. उद्या सकाळी सातचं विमान दिलंय. सव्वाआठला दिल्ली, दहाच्या आत गाडी, अडीचपर्यंत घर. रात्रीची बसही होती, पहाटे झाशीत सोडणारी. पण बसमध्ये अनिश्चितता जास्त.

बाबांना फोन केला. म्हटलं, तळी अडीचला ठेवता येईल का. ते म्हणाले, ठेवू. मग म्हणाले, जेवलीस का.

बाबा झाशीच्या रेल्वे मंडळ कार्यालयातून निवृत्त झाले. विमानाबद्दल त्यांचं मत विचारायची गरज पडत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, पुण्याहून थेट गाडी असताना शुक्रवारी का बसत नाहीस. मी सांगितलं, जागा नाही, वेटिंग आहे. हे खरं नव्हतं. पण खोटंही म्हणता येणार नाही, कारण जागा आहे की नाही हे मी पाहिलंच नव्हतं. बाबा 'अच्छा' म्हणाले.

त्यामुळे शुक्रवारची एक रजा वाचली. शनिवारी मी कपाट आवरलं.

अपराधी वाटत नाहीये. पुन्हा तपासलं. नाही.

सोमवार, १८ डिसेंबर. चंपाषष्ठी. सकाळी नऊ. जयपूर विमानतळ.

धुकं. आता इथेही.

वेळ आहे तोवर पार्श्वभूमी लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी विपर्यास करायला नको. आमच्या घरात तळी पुरुष उचलतात. बायका मागे उभ्या राहून येळकोट म्हणतात. झाशीत आमच्यासारखी घरं आता मोजकी. बाबा, मारुतीकाका, खंडेराव गेटचे बापूराव आणि त्यांचा मुलगा असे चार जण होते. पाचवे श्रीकृष्णकाका मुलाकडे इंदूरला राहायला गेले. दिवाळीत बाबा म्हणाले, यंदा पाचवा कुठून आणायचा. मी म्हटलं, घरात आहे ना. आणि लॅपटॉप उघडला.

बारा स्लाइड्स. मुद्देसूद. मारुतीकाका म्हणाले, ताईसाहेब, देवाला प्रोजेक्टर लागेल का? काकांची मुलगी उषाताई हसली. ती बरुआसागरच्या शाळेत शिकवते, तिला सगळ्याचंच हसू येतं. बाबांनी मात्र शेवटच्या स्लाइडपर्यंत पाहिलं. चष्मा पुसला आणि म्हणाले, ठीक है भाई, पाचवी कांचन.

चार पिढ्यांत पहिली. ही ऐतिहासिक गोष्ट आहे आणि मी ती वेळेवर पार पाडणार आहे.

दुपारी साडेबारा. तिथेच.

विमान अजून उभं आहे. मी घरी सुधारित वेळ कळवली: रात्री आठ.

उषाताईचा मेसेज: "तू येतेयस की बुलेटिन काढतेयस?" सोबत वांग्याच्या भरिताचा फोटो. बरुआसागरची वांगी. आमच्याकडे चातुर्मासापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाहीत. पहिला घास आज, तळीनंतर. कोणीच जेवलेलं नाही. मारुतीकाकांना साखर आहे. ते खुर्चीत टेकून बसलेत आणि विचारतायत, विमान पेट्रोलवर चालतं की आमच्या उपासावर.

दुपारी दोन.

"माझ्यासाठी थांबू नका" असं लिहिलं. पाठवलं नाही. तो त्यांच्या निर्णयात हस्तक्षेप झाला असता.

शिवाय विमानात बसवलंय. दार बंद झालं की बावन्न मिनिटं.

दुपारी तीन.

दार उघडलं. कारण सांगितलं नाही.

पुन्हा तो मेसेज उघडला. पाठवला तर आपण येत नाही हे मान्य केल्यासारखं होईल. तांत्रिकदृष्ट्या मी अजून येतेय.

दुपारी सव्वाचार.

उषाताई: "आमच्या बाबांना चक्कर आली. साखरपाणी दिलं, आता ठीक आहेत. तळी झाली. तू सावकाश ये."

पाचवं कोण होतं ते विचारलं नाही. माहिती आपोआप येते.

"थांबू नका" आता पाठवून उपयोग नाही. तरी पाठवलं. चुकून. मग खोडलं, तर तिथे 'मेसेज खोडला आहे' असं दिसायला लागलं.

मंगळवार, १९ डिसेंबर. झाशी, घर.

रात्री दिल्लीत उतरले, गाडी मिळाली. गाडीही धुक्याने तीन तास उशिरा. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण ती माझ्या बाजूची आहे. प्लॅटफॉर्मवर बाबा कानटोपी घालून उभे होते. मी उतरल्या उतरल्या म्हटलं, बघा, रेल्वेसुद्धा लेट. ते म्हणाले, हो बेटा, पण तिने उतरवलं झाशीलाच.

तीन तास ते तिथेच होते का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या हाताला माझा हात लागला तेव्हा कळलं.

घरी आईने दार उघडलं. कपाळ पिवळं, दोन्ही तळवे पिवळे.

मी म्हटलं, तू?

आई म्हणाली, अगं, उषानेच काढलं. बाबा उषाला म्हणाले, तू धर. तर ही म्हणाली, काका, इथे पस्तीस वर्षं रोडगे थापतेय तिला एकदा विचारा ना. मग मला विचारलं. मी हात धुऊन आले. एवढंच.

काय वाटलं, असं मी विचारलं. आईने जरा विचार केला. ताम्हन जड असतं, म्हणाली. मला वाटायचं, हे लोक उगाच चेहरा करतात.

मारुतीकाका आतून म्हणाले, वहिनींनी येळकोट असा दिला की बापूराव दचकले. काका बरे आहेत. मला बघून म्हणाले, या, बुलेटिन आलं. मी तब्येत विचारली. ते म्हणाले, साखर उतरली होती, लाडके, मी नाही उतरलो.

सुटकेस उघडली. भंडाऱ्याची पिशवी फुटलेली. कुडते, चार्जर, ऑफिसचा लॅपटॉप, सगळं पिवळं. उषाताई म्हणाली, वा, तळी तर तुझ्या बॅगेनेच उचलली.

त्याच दिवशी, दुपार.

आईने माझ्यासाठी भरीत झाकून ठेवलं होतं. गरम करून वाढलं. मी खाल्लं. चांगलं होतं. चांगलं नसतं तर सोपं गेलं असतं.

जेवताना उषाताईने सहज सांगितलं. मी 'वेटिंग आहे' म्हटलं त्याच संध्याकाळी बाबांनी शुक्रवारची गाडी पाहिली होती. जागाच जागा होत्या. रेल्वेत उभा जन्म काढलेला माणूस पाहणार नाही तर काय. उषाताईने विचारलं, मग तिला बोलला का नाहीत? तर बाबा म्हणाले, बोललो असतो तर पुढच्या वेळी तिला दुसरं कारण शोधावं लागलं असतं.

माझं गृहीतक चुकलं. माझ्या बोलण्यावर विश्वास बसला असं मी धरून चालले होते.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा फोनवर त्या बारा स्लाइड्स उघडल्या. 'स्त्री' हा शब्द चोवीस वेळा आहे. 'आई' शोधलं. एकदा आहे. नववी स्लाइड, जबाबदाऱ्यांचं वाटप. आई: नैवेद्य.

मीच टाइप केलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ. गाडीत.

रजा उद्यापर्यंतच, परवा ऑफिस. बाबा सोडायला आले. पुण्याची थेट गाडी. मी म्हटलं, जागा मिळेल का. बाबांनी हातात तिकीट दिलं, खिडकीची जागा, खालचा बर्थ. म्हणाले, वेटिंग नव्हतं.

एवढंच. आवाज नेहमीचाच. मी 'अच्छा' म्हटलं.

गाडी वेळेवर सुटली.

गुरुवार, २१ डिसेंबर. पुणे.

लॅपटॉप पुसला. स्पेसबारखालचा पिवळा रंग जात नाही. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, हळद सांडली का? मी हो म्हटलं.

ठराव: एक, यापुढे घरी रेल्वेने. दोन, पुढच्या चंपाषष्ठीला दोन दिवस आधी. तीन, स्लाइड्स नाहीत.

मग लक्षात आलं. ताम्हन पाच जणांचं, आणि पाचवी आता आई आहे. आईला बाजूला कर म्हणायची माझी तयारी नाही. मी गेले तर सहा होतील. आमच्याकडे तळी पाच किंवा सात हातांची. सहाची नाही.

म्हणजे रेल्वेने, वेळेवर, दोन दिवस आधी पोचूनही मी जास्तीची.

बाबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, हिशोब बरोबर आहे तुझा. मागून आई म्हणाली, तिला सांगा, रोडगे थापायला जागा रिकामी आहे.

रविवार, २४ डिसेंबर. पुणे.

उषाताईला पाठवलं. तीनदा खोडून चौथ्यांदा. इथे उतरवून ठेवतेय.

"उषाताई, शुक्रवारच्या गाडीत जागा आहेत की नाहीत हे मी पाहिलंच नव्हतं. हे तुला माहीत आहे, बाबांनाही. तरी सांगितलं पाहिजे होतं, म्हणून सांगतेय. सोमवारी काकांना चक्कर आली तेव्हा 'थांबू नका' हे माझ्या फोनमध्ये दोन तास लिहून पडलं होतं. तेही सांगायचं होतं.

बाबा, मारुतीकाका, बापूराव, त्यांचा मुलगा, आई. मी धरून सहा. तू आलीस तर सात होतात. दिवाळीत मी तुला विचारलंच नाही. आईलाही नाही.

पुढची चंपाषष्ठी शनिवारी, ७ डिसेंबरला आहे. मी गुरुवारी रेल्वेने येईन. रोडगे थापायला मी बसेन, तू भरीत सांभाळ, म्हणजे आईला हात धुवायला वेळ मिळेल. सातवी होशील का? नाही म्हणालीस तरी मी येणार आहे, मागे उभी राहीन. हो की नाही, ते पुढच्या रविवारपर्यंत, ३१ तारखेपर्यंत कळव."