हत्यारं धाकट्याला, पण तपासणीनंतर

मी, खाली सही करणारा, काचा बसवणारा कामगार, घरापासून लांब या हॉस्पिटलच्या खाटेवर बसून हे स्वतःच्या हातानं लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. उद्या माझं ऑपरेशन आहे, म्हणून आजच लिहून ठेवतो.

हृदयातून निघणारी माझी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठरवून केलेल्या ऑपरेशनमधून बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. ती आधीच फाटली, तर बरेच जण टेबलापर्यंत पोचत नाहीत." बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. सकाळपासून मी या एका शब्दापाशी अडकलो आहे.

कलम एक. घरातला माझा हिस्सा आणि बँकेत असेल ते आईचं. घर कुणी विकायचं नाही, तिनं स्वतः म्हटलं तरी. ती भिडेला बळी पडते. माझे बूट कुणालाच होणार नाहीत, टाकून द्यावेत.

कलम दोन. बाबा गोदामात पोती उतरवताना छाती धरून खाली बसले, पाठ फाटतेय म्हणाले आणि गेले. काकांनी सगळीकडे सांगितलं, दारूनं गेला. डॉक्टरीणबाईंनी बाबांची उंची, लांब बोटं, ते दुखणं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बहुधा हेच. म्हणून काकांना माझ्याकडून काही नाही. हे कलम आईनं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं आणि त्या दिवशी चहा विचारू नये.

कलम तीन. काच कापायचं हिऱ्याचं पेन आणि काच उचलायच्या रबरी पकडी धाकट्या भावाला. पण त्यानं हृदयाची सोनोग्राफी केल्यावरच.

आमच्याकडे उंची मिरवायची गोष्ट. पाहुणे आले की आई आम्हाला दारात उभं करायची, डोकं चौकटीला लागतं का बघायला. तीच उंची, तीच लांब बोटं या दुखण्याची खूण निघाली. त्यात बीपी, सिगारेट, जड उचलणं यांनी ते आणखी बळावतं. धाकटा माझ्याहून बोटभर उंच आहे आणि व्यायामशाळेत लोखंड उचलतो. फोनवर म्हणाला, "दादा, मला काय धाड भरलीय? तू आधी बरा हो, मग बघू."

"बाबांनाही काही झालं नव्हतं," मी म्हणालो.

"आवाज तुटतोय," म्हणाला आणि फोन ठेवला. आवाज चांगला येत होता.

तोवर हत्यारं कामावरच्या माझ्या जोडीदाराकडे राहतील. त्याला सगळे बुटका म्हणतात. त्याला हे वाचून दाखवलं, तर म्हणाला, "मी तर वापरणारच. आणि मरायचं असेल तर आधी सांग, शनिवारी मोठी काच आहे, दुसरं टोक कोण धरणार?"

शेवटचं. मी जगलो तर हे सगळं रद्द. काकांशी मी स्वतः बोलेन. कलम तीन तेवढं रद्द नाही. मी वाचलो म्हणून धाकटा सुटला, असं होत नाही. मी घरी येईन आणि त्याला तपासायला नेईन. उचलून नेता येणार नाही, मला आता जड उचलायला बंदी आहे. त्यानं आपल्या पायांनी माझ्याबरोबर चालावं, एवढंच मागतो.

सही: थोरला

साक्षीदार: जोडीदार, काचकाम (बुटका)
साक्षीदार: शेजारच्या खाटेवरचे बसचालक, चष्मा लावून, पूर्ण वाचून

ठिकाण: हृदयविभाग, खिडकीजवळची खाट
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, दुपारी